दोन पफ आणि एक चूळ

माझ्या छातीत दमा आहे आणि मनात डूख आहे. दम्यावर औषध मिळालं. डूख मी जपून ठेवलाय. आजारपणातून उठलेली माणसं लिहितात की आता कुणाबद्दल काही मनात राहिलं नाही, सगळ्यांना माफ केलं. मी केलेलं नाही. हे आधीच सांगते, म्हणजे पुढं वाचताना तुमचा अपेक्षाभंग व्हायला नको.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. वय सेहेचाळीस. अंथुर्ण्याच्या अलीकडं, कालव्याच्या फाट्यावर आमची चार घरांची वस्ती आहे. घरात मी, आमचे हे आणि माझ्या सासूबाई. त्यांना मी आत्या म्हणते. मुलगी लग्न होऊन गेली. चार म्हशी, थोडा ऊस, माझा पगार, असं आमचं बरं चाललंय. स्वयंपाकघराच्या मागच्या भिंतीला लागून अंकुश भावजींचं रान आहे. अंकुश म्हणजे माझे चुलत दीर. मधे फक्त एक हातभर बांध, तोही त्यांचा. भिंतीत एक खिडकी आहे, आणि त्या खिडकीला आम्ही प्लायवूड ठोकून टाकलं होतं. का, ते आता सांगते.

काडी

ऊस तुटून कारखान्याला गेला की रानात गुडघाभर वाळलेलं पाचट उरतं. त्याची यंत्रानं कुट्टी करून ते रानातच कुजवता येतं. यंत्र भाड्यानं मिळतं, सगळ्यांना ठाऊक आहे. पण काडी ओढणं सोपं असतं. अंकुश भावजी दरवर्षी काडी ओढायचे. बांध भिंतीला चिकटलेला, त्यामुळं धूर आधी आमच्या घरात यायचा आणि मग सवडीनं गावाकडं जायचा.

मला दमा लग्नाआधीपासून आहे. माहेरच्यांनी तो लपवून लग्न केलं आणि सासरी कळल्यावर सासरच्यांनी तो गावापासून लपवला. त्यामुळं माझा निळा पंप कायम लपलेला. शाळेत मुताऱ्यांच्या मागं जाऊन घ्यायचा, लग्नकार्यात चुलीमागं वळून घ्यायचा. दम लागला की दोन वेळा दाबायचा आणि पुढच्या कामाला लागायचं. बाकीचे उपचार म्हणजे आडुळसा, मध, आणि मनातल्या मनात शिव्या.

मागच्या वर्षी फेब्रुवारीत दुपारी चारला शाळेतून आले. गाडी लावते तोवर मागून तडतड ऐकू आली. मी धावत जाऊन बांधावर ओरडले, "भावजी, आत्या घरात हायेत, मला त्रास हाय, आज नका पेटवू!"

ते काडीची पेटी खिशात घालत म्हणाले, "वैनी, पेटलं बी. आणि दमा-बिमा मनाचं आस्तंय. मन घट्ट करा."

मन घट्ट झालं की नाही माहीत नाही, छाती मात्र झाली. पंप चार वेळा घेतला, सहा वेळा घेतला, काही फरक नाही. मला वाक्य पुरं करता येईना. यांनी मला शेजारच्या पोराच्या गाडीत घातलं आणि बारामतीला नेलं. सगळ्या वाटेवर खिडकीच्या काचेला डोकं टेकून मी एकच विचार करत होते. मेले तर हा काडी ओढणारा माणूस दहाव्याला येऊन जेवेल. त्या विचारानंच मी जिवंत राहिले असं माझं मत आहे. डॉक्टरांचं मत वेगळं आहे.

चार दिवस

दवाखान्यात चार दिवस होते. सकाळी सहाला सिस्टर यायची, तोंडावर वाफेचा मास्क लावायची, आणि मशीन घरघरायला लागायचं. पुन्हा दुपारी, पुन्हा संध्याकाळी. हाताला सलाईन, बोटाला चिमटा, आणि त्या चिमट्याच्या आकड्याकडं बघत बसलेले हे. यांना मी इतकं घाबरलेलं कधी पाहिलं नव्हतं. घाबरले की ते बोलत नाहीत, नखं कुरतडतात. चार दिवसांत दहाही बोटांची नखं संपली.

आत्या माझ्या पाठीवरून हात फिरवत बसायच्या. वय अठ्ठ्याहत्तर. त्यांना कुणी सांगितलं नव्हतं, पण श्वास सोडताना हात खाली आणि घेताना वर, असा त्यांचा हात चालायचा. त्या हातानं मला वाफेइतकाच आराम पडला. पुढं त्यांच्यावर मी चिडणार आहे, म्हणून हे आधी लिहून ठेवते.

तिसऱ्या दिवशी अंकुश भावजी भेटायला आले. हातात शहाळं. कॉटच्या पायथ्याशी उभं राहून यांना म्हणाले, "हवा बदलली की व्हतंय आसं. वैनी शिकल्यासवरल्या, जास्त इचार करत्यात."

माझ्या तोंडावर मास्क होता. मला बोलता आलं नाही. मी त्यांच्याकडं बघत राहिले आणि मनात ठरवलं, या माणसाचं उट्टं काढल्याशिवाय मी मरणार नाही. शहाळं मी प्यायले नाही. सिस्टरला दिलं. ती ते आनंदानं प्यायली आणि तेवढं तरी सत्कारणी लागलं.

घरी निघायच्या दिवशी यांनी तोंड उघडलं. "आता मी एकदाच सांगतो. आणखी एकदा जर तुला हितं आणावं लागलं, तर बारामतीत दोन खोल्या घ्यायच्या. म्हशी इकायच्या, घराला कुलूप. अंकुशाशी भांडायची माझ्यात ताकद न्हाय, आणि तुला मेलेली बघायची बी न्हाय."

मी विचारलं, "मी का जाऊ? धूर त्यांचा आणि घर माझं सोडायचं?"

ते म्हणाले, "मग दुसरा इलाज सांग."

त्या घराच्या विटा मी माझ्या हातानं भिजवल्यात. मी गेले असते तर अंकुश भावजी जिंकले असते, आणि त्यांना आपण जिंकलो हे कळलंसुद्धा नसतं. मला ते जास्त लागलं असतं.

नवा पंप

छातीच्या डॉक्टर मॅडम वयानं माझ्या मुलीएवढ्या. त्यांनी नवा पंप दिला आणि सोबत एक पारदर्शक नळकांडं, स्पेसर म्हणतात ते. म्हणाल्या, "तुमचा निळा पंप आग लागल्यावरचा आहे. हा आग लागू नये म्हणून. यात दोन औषधं आहेत, एक नळ्यांची सूज उतरवतं, दुसरं नळ्या मोकळ्या ठेवतं. सकाळी दोन पफ, संध्याकाळी दोन. त्रास असो नसो. आणि प्रत्येक वेळी नंतर खळखळून चूळ भरायची आणि टाकून द्यायची, नाहीतर तोंड येईल."

मी विचारलं, "बरं वाटल्यावर बंद करायचा ना?"

"तुम्ही उसाला पाणी कधी देता? ऊस वाळल्यावर?"

"पाळी आली की."

"मग तसंच. पाळी चुकवायची नाही."

हे मला लगेच समजलं. कालव्यावरच्या माणसाला पाळी समजावून सांगावी लागत नाही.

पहिल्या आठवड्यात काहीच वाटलं नाही. वाईट तेवढं वाटलं. हात थरथरायचा, फळ्यावर 'क' काढला तर त्याला मिशी फुटायची. आवाज बसला. पोरं मागून माझी नक्कल करायची. मला वाटलं, एवढा डौल मिरवणारा पंप आणि काम काहीच नाही. निळा पंप बरा, दाबला की लगेच कळतं. नव्यानं सुरू करणाऱ्यांना मी हेच सांगते की या पंपाची मजा लगेच येत नाही. तिसऱ्या आठवड्यात एक दिवस शाळेचा जिना चढून वर्गात आले आणि हजेरी सुरू केली. अर्ध्या हजेरीत लक्षात आलं की आपण मधे थांबलोच नाही. मी पुस्तक मिटलं आणि पोरांना मैदानावर सोडून दिलं. मला एकटीनं रडायचं होतं.

पंप मी चुलीमागं घेणं बंद केलं. ओट्यावर बसून, रस्त्याकडं तोंड करून घ्यायला लागले. अंकुश भावजी तिथून जाताना बघायचे. नाकावर टिच्चून जगणं म्हणजे काय ते मला तेव्हा कळलं.

उपवासाला चालतो का?

इथपर्यंत माझं सगळं शहाण्यासारखं चाललं होतं. इथून पुढं मी मूर्खपणा केला, आणि तो लपवण्यात अर्थ नाही.

हरतालिका आली. आमच्याकडं हरतालिकेला पाण्याचा थेंबही घेत नाहीत. सकाळी मी नळकांडं हातात घेतलं तर आत्या म्हणाल्या, "आगं, आज?"

"औषध हाय आत्या."

"औषध हाय खरं. पर त्याच्यावर चूळ भरावी लागती ना?"

"लागती."

"मग ज्याच्यावर चूळ भरावी लागती ते खाण्यातच आलं की. पाणी तोंडात घेतलं म्हंजे उपास मोडला."

हसू नका. त्या बाईनं मला चार दिवस पाठीवर हात फिरवून जगवलं होतं, आणि तिच्या बोलण्यात मला त्या वेळी कुठंही फट सापडली नाही. मी डी.एड. झालेली बाई, विज्ञान शिकवते, आणि मी पंप कपाटात ठेवून दिला. एका दिवसानं काय होतंय?

पण एकदा ते खाण्यात आलं ते आलंच. मग सोमवार आला. चतुर्थी आली. एकादशी आली. आमच्या घरात उपवास काय कमी आहेत? शिवाय पंप चुकवला तरी त्या दिवशी काहीच होत नव्हतं, त्यामुळं माझी भीड चेपली. आणि मग नवरात्र आलं. मी लग्न झाल्यापासून नऊ दिवस धरते. दिवसाला एक लवंग आणि पाणी, बाकी काही नाही. नऊ दिवस पंप कपाटात.

सातव्या माळेला झोपल्यावर शिट्टी वाजायला लागली. आठव्याला पायरीवर थांबावं लागलं. दसऱ्याच्या दिवशी दुपारी मी आपट्याची पानं हातात घेऊन दारात बसले ती मला उठता येईना. ना कुणी काडी ओढली होती, ना कुठं धूर होता. पुन्हा बारामती, पुन्हा वाफ. या वेळी आत्याही गाडीत बसून आल्या.

हे कॉटच्या कडेला बसले. नखं कुरतडली नाहीत. शांतपणे म्हणाले, "सोमवारी खोल्या बघून येतो."

मला त्या क्षणी सगळ्यांचा राग आला. यांचा, आत्यांचा, औषधाचा. पंप फसवा निघाला असं मी मॅडमना तोंडावर सांगितलं. त्यांनी माझ्या पिशवीतून पंप काढला, मागचा आकडा बघितला. किती पफ उरलेत ते त्या आकड्यावर कळतं, मला माहीत नव्हतं. "मावशी, हा आता रिकामा व्हायला हवा होता. यात तर निम्मा आहे. कुठं गेल्या पाळ्या?"

आत्या पुढं झाल्या. लपवाछपवी त्यांच्या स्वभावात नाही. त्यांनी हरतालिकेपासून दसऱ्यापर्यंत सगळं सांगितलं, आणि शेवटी चुळीचा नियमही सांगितला.

मॅडमना हसू आलं असणार, पण त्यांनी ते दाबलं. त्यांनी आत्यांना खुर्चीवर बसवलं आणि विचारलं, "आजी, उपवासाला तुम्ही सकाळी तोंड धुता की नाही?"

"धुती की. देवाचं नाव पारोशा तोंडानं घ्यायचं का?"

"तेव्हा चूळ भरता?"

"भरती."

"मग ती खाण्यात येते का?"

आत्यांचा हात तोंडाशी गेला. मग माझ्याकडं वळून म्हणाल्या, "सुरेखा, माझ्यामुळं झालं गं हे." त्यांचे डोळे भरले. मी त्यांचा हात धरला, पण खरं सांगते, राग लगेच गेला नाही. त्याला दिवाळी उजाडली.

मॅडमना मी सांगितलं की मला फेब्रुवारीत त्या धुरात उभं राहून दाखवायचंय, त्या माणसाच्या समोर, दोन पफ घेऊन. त्या एकदम कडक झाल्या. "मग पुन्हा माझ्याकडं येऊ नका. पंप म्हणजे चिलखत नाही. धुरात उभं राहायचं नाही. धूर टाळायचा."

वाटेत मी यांना म्हणाले, "खोल्या बघा. पण ठरवू नका. अंकुश भावजींचा ऊस तुटेपर्यंत मला वेळ द्या."

"आणि तवर काय करणारेस?"

"पाळी चुकवणार न्हाय."

वाट

दिवाळीपासून मी एक पफ चुकवला नाही. चतुर्थीला नाही, एकादशीला नाही. पहाटेचा चहा व्हायच्या आत आत्याच तांब्या भरून ओट्यावर ठेवायच्या आणि हाक मारायच्या, "सुरेखा, चूळ!" पंप हा शब्द त्यांच्या तोंडी कधी बसलाच नाही. थंडीत, साखर कारखान्याच्या हंगामात, जेव्हा दरवर्षी मी मफलरमध्ये गुंडाळून पडायची, तेव्हा या वर्षी मी पोरांना घेऊन तालुक्याच्या खेळांना जाऊन आले.

आणि सगळा वेळ मी डाव रचत होते. धूर टाळायचा, असं मॅडम म्हणाल्या होत्या. टाळायचा म्हणजे पळायचं, असं काही त्या म्हणाल्या नव्हत्या. अंकुश भावजींच्या त्या तुकड्याला रस्ता नाही. भरलेली ट्रॉली बाहेर काढायची तर ती आमच्या परड्यातून, गोठ्याच्या कडेनं निघते. सासऱ्यांनी शब्दावर दिलेली वाट. पंचवीस वर्षं त्यांची ट्रॉली आमच्या दारातून जाते आणि त्यांचा धूर आमच्या घरात येतो, आणि या दोन गोष्टी आमच्या घरात कुणालाच कधी शेजारी शेजारी ठेवून बघाव्याशा वाटल्या नाहीत. मला वाटल्या.

फेब्रुवारीत ऊसतोडीची टोळी आली. पहिल्या दिवशी संध्याकाळी सहाच्या सुमाराला पहिली ट्रॉली भरली. ट्रॅक्टर गुरगुरत परड्याच्या तोंडाशी आला. तिथं वाटेच्या मधोमध प्लॅस्टिकच्या खुर्चीवर मी बसले होते. मांडीवर नळकांडं.

ड्रायव्हरनं हॉर्न वाजवला. अंकुश भावजी पळत पुढं आले. "वैनी, खुर्ची घ्या बाजूला. गाडी भरलीय."

"सहा वाजले भावजी. माझी पंपाची वेळ झाली."

"घरात घ्या की!"

"घरात धूर येतो."

"धूर कुठाय आता?"

"येणार हाय ना. मी आधीच बाहेर बसले."

आणि मी पंप घ्यायला लागले. तो कसा घ्यायचा हे मॅडमनी मला शिकवलं होतं, आणि त्यातली एकही पायरी मी त्या दिवशी गाळली नाही. टोपण काढलं. पंप हलवला. नळकांड्याला लावला. सावकाश सगळा श्वास बाहेर सोडला. तोंड लावलं, एकदा दाबलं, संथ श्वास आत घेतला. दहा अंक मोजेपर्यंत धरून ठेवला. मग एक मिनिट थांबायचं असतं. मी घड्याळात बघून पूर्ण मिनिट थांबले. भावजींच्या मागं दुसरी ट्रॉली भरून आली. टोळीची माणसं जमली. मग दुसरा पफ. पुन्हा दहा अंक. इतक्या आनंदानं मी आयुष्यात कधी औषध घेतलेलं नाही.

हे गोठ्यात म्हशीच्या पाठीवरून हात फिरवत उभे होते. एकच म्हैस, एकच जागा, बराच वेळ.

"झालं?" भावजी म्हणाले.

"चूळ राह्यली." मी म्हणाले. "पण त्याआधी एक सांगा. पाचट पेटवणार का कुट्टी करणार?"

"माझं रान हाय, मी कायबी करीन."

"करा की. आणि वाट माझी हाय. मी हितं बसून राहीन."

ते यांच्याकडं बघून ओरडले, "दादा! तुमी सांगा की हिला काय तरी!"

गोठ्यातून आवाज आला नाही. यांनी आयुष्यात माझ्यासाठी केलेलं ते सगळ्यात मोठं काम. ते गप्प बसले.

टोळीतली एक बाई, डोक्यावर वाड्याचा, म्हणजे उसाच्या हिरव्या शेंड्यांचा भारा, पुढं आली. तिनं माझ्या हातातल्या नळकांड्याकडं बोट केलं. "बाई, ह्ये कशाचं? मलाबी लय खोकला येतो. काळ्या रानात, पेटवलेला ऊस तोडला की रक्तच पडल आसं वाटतं." माझ्या अंगावरून आनंद सरकन उतरला. मी एका माणसाचा सूड घ्यायला बसले होते, आणि ही बाई दिवसभर वाकून ऊस तोडून आता ट्रॉली निघायची वाट बघत उभी. मी तिला सांगितलं, सकाळी थांब, मी तुला सरकारी दवाखान्यात घेऊन जाते. नेलंही. पण खुर्ची हलवली नाही.

मग आत्या आल्या. एका हातात पाण्याचा तांब्या, दुसऱ्या हातात देवघरातली भंडाऱ्याची वाटी. त्यांनी तांब्या मला दिला आणि वाटी अंकुश भावजींच्या पुढं धरली.

"अंकुशा, भंडारा उचल."

"काकी, येवढ्याश्या गोष्टीला?"

"येवढ्याश्या गोष्टीपायी ही चार दिस दवाखान्यात पडली व्हती. उचल. खंडोबाच्या म्होरं बोल, काडी वढणार न्हाय म्हून. न्हायतर ही बसंल हितं आणि मी बी खुर्ची आणती."

मागं ट्रॅक्टर गुरगुरत होता. टोळी बघत होती. भावजींनी चिमूटभर भंडारा उचलला आणि कपाळाला लावला. "न्हाय वढणार," म्हणाले. मोठ्यानं नाही, पण सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्यानं.

मी चूळ भरली, टाकली, खुर्ची उचलली आणि बाजूला झाले.

खिडकी

भावजींनी शब्द पाळला. भंडारा उचललेला माणूस सहसा मोडत नाही. ऊस गेल्यावर यंत्र आलं, दिवसभर पाचटाची कुट्टी झाली. धुरळा उडाला तेवढा दिवस मी मॅडमच्या सांगण्यावरून शाळेतून सरळ अंथुर्ण्याला मैत्रिणीकडं गेले. संध्याकाळी परत आले तर हे स्वयंपाकघरात पहार घेऊन उभे. खिडकीचं प्लायवूड काढून भिंतीला टेकवलेलं. खिळ्यांची भोकं उघडी. समोर भुरक्या पाचटानं झाकलेलं रान आणि त्यापलीकडं कालव्याची झाडं. मी या घरात तेवीस वर्षं भाकरी करते आणि माझ्या चुलीसमोर काय आहे हे मी त्या दिवशी पहिल्यांदा बघितलं.

"खोल्यांवाल्याला फोन करून टाकला," हे म्हणाले. "नको म्हणून."

मी त्यांच्या बोटांकडं बघितलं. नखं वाढली होती.

मी बरी झाले का? नाही. दमा बरा होत नाही, असं मॅडम स्पष्ट सांगतात. तो पाळीत राहतो. निळा पंप पर्समध्ये आहेच, पण त्याच्यावर आता धूळ बसते. आणि अंकुश भावजींना मी माफ केलंय का? श्वास अडकलेल्या बाईला मन घट्ट करा म्हणणाऱ्या माणसाला माफ करण्याइतका श्वास माझ्याकडं अजून जमलेला नाही. त्यांनी माफी मागितलेलीही नाही, त्यामुळं आमचं दोघांचंही अडत नाही.

सकाळी साडेसहाला आणि संध्याकाळी सहाला मी चुलीसमोर उभी राहून दोन पफ घेते. मग चूळ भरते, खळखळून, मॅडमनी सांगितल्यासारखी. मोरी चार पावलांवर आहे. पण मी खिडकीतून टाकते. खिडकीखाली त्यांचा बांध आहे.

परवा भावजी तिथंच खोडव्याच्या, तोडणीनंतर पुन्हा फुटलेल्या उसाच्या, सरी बघत उभे होते. चूळ पायापाशी पडली तसे मागं सरकले. वर बघून म्हणाले, "वैनी, चूळ तेवढी आपल्या हद्दीत टाका की."

मी तांब्या खाली ठेवला. श्वास घेतला, पूर्ण, तळापर्यंत. वाक्य एका दमात, न थांबता म्हणता येईल याची मला खात्री करायची होती.

"भावजी, धूर तुमच्या हद्दीत राह्यला होता का?"